मूळ मालक सापडत नाही

पडद्यावर लाल चौकोन उघडला. त्यात लिहिलं होतं, 'मूळ मालक सापडत नाही.' मूळ मालक माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि पेनाचं टोपण चावत होती.

"मी इथेच आहे की," ती म्हणाली.

"मला दिसतंय. त्याला दिसत नाहीये."

"मग सांगा ना त्याला."

संगणकाला नुसतं सांगून कळत असतं तर माझी नोकरी कधीच गेली असती. मी चौकोन बंद केला, पुन्हा तेच बटण दाबलं, पुन्हा तोच चौकोन. मग आणखी एकदा दाबलं. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात आणि कुणी विचारलं तर 'खात्री करून घेत होतो' म्हणतात.

समोरच्या बाकावर बाबा बसले होते. गळ्याभोवती सुती रुमाल, मांडीवर लिहायची पाटी. त्यांच्यापुढे टेबलावर नवं कोरं बोलकं यंत्र ठेवलेलं होतं आणि त्याच्या पोटात बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

आमच्या केंद्रात ही यंत्रं तयार होतात. आजारपणात ज्यांचा आवाज जाणार असतो ते लोक आधी येऊन आपला आवाज देऊन जातात. काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचतात, आकडे म्हणतात, हसतात, खोकतात. पुढे आवाज गेला की माणसाने यंत्रावर टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलायचं. आवाज घेण्याचं काम तिचं, संगणक सांभाळायचं माझं. मला इथे चिकटवलं तेही तिनेच. ती माझी वहिनी. म्हणजे होती. दादाचा आणि तिचा घटस्फोट झाल्यापासून तिला काय म्हणायचं हे मला कळेनासं झालंय. वहिनी म्हणावं तर कसं, नावाने हाक मारावी तर जीभ वळत नाही. त्यामुळे 'चहा हवाय का', 'फाइल मिळाली का', अशा बिनमालकाच्या वाक्यांवर मी दिवस काढतो. तीही आता मला भाऊजी म्हणत नाही. म्हणायला जाते आणि मधेच खोकते.

बाबांना असली अडचण नव्हती. त्यांनी तिला घरात आली त्याच आठवड्यात खारूताई करून टाकलं होतं, कारण ती काही म्हणजे काही टाकत नसे. बरण्यांची झाकणं, सुतळीचे तुकडे, जुन्या चपलांचे बंद, सगळं कुठे ना कुठे साठवलेलं. ती हाक फक्त बाबांची. दादाने किंवा मी कधी मारली नाही. आणि बाबांचा आवाज गेला तेव्हा ती हाकही गेली.

बाबांच्या आवाजाबद्दल काय सांगू? जन्मभर त्यांनी बाजारात लिलाव पुकारले. आम्ही आईविना वाढलेले दोघे भाऊ, थोरल्या आणि बारक्या. बाबा कोपऱ्यावरून हाक मारायचे आणि आमच्यासकट शेजारच्या गल्लीतली पोरंही घाबरून घरी पळायची. पण लिलावात त्यांची खरी कमाल ओरडण्यात नव्हती, थांबण्यात होती. "एक वार," टेबलावर ठोका. "दोन वार," ठोका. आणि मग गप्प. इतका वेळ गप्प की समोरच्याला आपल्या हातून काहीतरी निसटतंय असं वाटून तो वाढवून बोलायचाच. तो बोलल्याशिवाय बाबा तिसरा ठोका देत नसत. सगळ्या बाजाराला ती सवय माहीत होती आणि तरीही सगळा बाजार तिला फसायचा.

घशाचा कर्करोग निघाला तेव्हा ऑपरेशनच्या आधी तीच त्यांना इथे घेऊन आली. पण बाबा पेशंट म्हणून नाव नोंदवायला तयार होईनात. "मला काय धाड भरलीय? जरा खरखर आहे," म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "बरं, नका नोंदवू. मी माझ्याकडे ठेवते." आणि तो आवाज तिच्या स्वतःच्या खासगी कप्प्यात ठेवला. रुग्णांच्या यादीत नाव असतं तर तो केंद्राच्या सामायिक साठ्यात राहिला असता. आता तो तिच्या खात्यात होता, तिने दुसरी प्रत कुठेही काढलेली नव्हती, आणि ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढून टाकल्यामुळे पुन्हा घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मग घटस्फोट झाला. तिने माहेरचं आडनाव परत घेतलं आणि मुख्य ऑफिसला तसं कळवलं. आता आमच्या ऑफिसची एक रीत आहे. कुणाचं नाव बदललं तर खात्यावरचं नाव बदलायचं नाही, जुनं खातं बंद करायचं आणि नवं उघडायचं. कारण पूर्वी एकदा कुणाचं तरी नुसतं नाव बदललं आणि दोन माणसांच्या रजा एकमेकींत मिसळल्या, आमचा मिशाळ रखवालदार कागदोपत्री बाळंतपणाच्या रजेवर गेला. तेव्हापासून हा नियम. मुख्य ऑफिसने नियमाप्रमाणे तिची कामाची कागदपत्रं नव्या खात्यात आणली. खासगी कप्प्याला हात लावायचा नाही, हाही नियमच, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही आणि खात्याबरोबर तोही गेला. तिला वाटलं, सगळं आलं असेल. आज सकाळी बाबांचं यंत्र आलं, तिने कप्पा उघडायला घेतला, तर कप्पाच नाही.

"बॅकअप आहे ना," मी छाती काढून म्हणालो होतो. तेव्हा सकाळ होती.

बॅकअप होताच. खोटं कशाला बोलू? पडद्यावर तो कप्पा मला स्वच्छ दिसत होता. 'बाबा' असं त्याचं नाव होतं. पण परत मागितला की मूळ मालक सापडत नाही. म्हणून मी तो तिच्या नव्या खात्यात आणायला सांगितलं, तर 'या वापरकर्त्याला परवानगी नाही.' माझ्या खात्यात मागितला, तर मलाही परवानगी नाही, वर माझ्या साहेबांना ईमेल गेला की मी दुसऱ्याच्या खासगी कप्प्यात डोकावतोय. साहेबांचा फोन आला. त्यांना समजावता समजावता मला स्वतःलाच समजेना की मी नक्की काय करतोय.

बाबांनी पाटीवर लिहून माझ्यापुढे धरलं. 'जमत नसेल तर तसं सांग.'

"जमतंय, बाबा. घोडं कुठे पेंड खातंय तेवढं बघतोय."

त्यांनी खाली आणखी लिहिलं. 'घोडं तू आहेस.'

मग मला एक अफलातून कल्पना सुचली. मूळ मालक सापडत नाही ना? मग मूळ मालक पुन्हा तयार करू. जुन्या आडनावाचं खातं नव्याने काढू, तोच फोटो लावू, तोच विभाग, तीच खुर्ची. मी दादाचं आडनाव, म्हणजे माझंच आडनाव, तिच्या नावापुढे टाइप करत होतो आणि ती शेजारून बघत होती. टोपण चावायचं तिने थांबवलं होतं. मला फार विचित्र वाटलं.

"थोड्या वेळापुरतंच," मी म्हणालो.

"हो हो. लिहा."

खातं झालं. बटण दाबलं. आता नवीनच चौकोन आला, 'ओळख जुळत नाही.'

"नाव तेच आहे, फोटो तोच आहे, बाई तीच आहे!" मी पडद्यावर ओरडलो. "अजून काय जुळवायचं बाकी आहे?"

माझे आता नाकी नऊ आले होते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने आधी मला संगणक बंद करून चालू करायला लावला, आणि मग फार शांतपणे सांगितलं, "सर, प्रत्येक खात्याला जन्मताच आतला एक क्रमांक मिळतो. नाव ही नुसती वरची चिठ्ठी. बॅकअप त्या क्रमांकाला ओळखतो, चिठ्ठीला नाही. तुम्ही काढलंय ते त्याच नावाचं दुसरंच खातं आहे."

"मग आता?"

"बंद केलेलं खातं कचरापेटीत महिनाभर राहतं. तेच जिवंत करा. महिना उलटला की मात्र ते कायमचं पुसलं जातं आणि त्याच्या मागोमाग त्याचा बॅकअपही."

"महिना कधी उलटतो?"

"तुम्हाला तिकडे दिसेल, सर."

दिसलं. तारीख आजची होती. ऑफिस सुटायच्या वेळेला पेटी रिकामी होणार होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला होता. मी तिला तारीख दाखवली. बाबांना नाही दाखवली, पण ते आमच्या तोंडांकडे बघत होते आणि लिलाववाल्याला तोंडं वाचता येतात.

एकाच नावाची दोन खाती चालत नाहीत, म्हणून सकाळपासूनच्या कर्तबगारीतून जन्मलेलं माझं ते जुळं खातं मी आधी बंद केलं. ते जाऊन पडलं कचरापेटीतच. आता पेटीत तेच नाव दोनदा दिसायला लागलं, दोन्हीवर तोच हसरा फोटो. मी कपाळाला हात लावला. यातली खरी कोण?

"डावीकडचा फोटो बरा आलाय," ती म्हणाली.

"एकच फोटो आहे तो!"

"माहितीय. उगाच." आणि ती हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. मी घाईघाईने डावीकडच्यावरच बोट ठेवलं. 'पर्यायी फोन नोंदलेला नाही,' असं उत्तर आलं. म्हणजे हे माझं जुळं. उजवीकडचं उघडलं, तर 'खाते परत आणण्यासाठी मालकाच्या पर्यायी फोनवर कोड पाठवला आहे.' खाली सगळे ठिपके आणि शेवटी एक सात, एक तीन.

"हां, मिळालं! कोड बघायचा जरा फोनवर," मी म्हणालो.

तिने फोन काढला नाही. "तो नंबर माझा नाही."

"मग?"

"इथे लागले त्या दिवशी माझा फोन दुरुस्तीला होता. फॉर्ममध्ये कुणाचा तरी नंबर द्यायचाच होता. तेव्हा जो जवळचा होता त्याचा दिला."

सात तीन. दादाचा नंबर मला पाठ आहे.

दादा दुसऱ्या शहरात असतो, विमा कंपनीत दावे तपासतो. त्याचा धंदाच संशय. त्याच्या आणि तिच्या वकिलांनी एकमेकांशी भरपूर बोलून घेतलं, पण हे दोघे वर्षभर एकमेकांशी बोललेले नाहीत. मी फोन लावला, टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला, कारण हात कीबोर्डवर लागणार होते.

"दादा, तुझ्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल."

"आलाय."

"सांग पटकन."

"का?"

"अरे, काम आहे. वेळ कमी आहे."

"हेच. कोड मागणारा सगळ्यात आधी घाई करतो. आणि कोड कुणालाही सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही. हे मला कुणी शिकवलं?"

"मीच शिकवलं. आणि मीच मागतोय!"

"सगळे तसंच म्हणतात. परवाच आमच्याकडे एक दावा आला. बाईने मुलाचा आवाज ऐकून सगळं सांगून टाकलं. मुलगा आतल्या खोलीत झोपला होता."

"दादा, तुला माझा आवाज ओळखू येत नाही?"

"येतो ना. म्हणूनच तर. तुमच्याच ऑफिसात बनवतात की असे आवाज."

बनवतात हे खरंच होतं. तेवढ्यात कोडची मुदत संपली. मी दुसरा पाठवला.

"बरं, मग मलाच माहीत असेल असं काहीतरी विचार."

दादाने जरा विचार केला. "लहानपणी तुझा पुढचा दात कसा पडला?"

"तू मला जिन्यावरून ढकललंस."

"चूक. तू स्वतः पडलास."

"तू ढकललंस!"

"बघ. म्हणजे तू बारक्या नाहीस."

मी खुर्चीतून उठलो, बसलो, पुन्हा उठलो. सकाळपासून हे मशिन तिला ओळखायला तयार नव्हतं आणि आता माझा सख्खा भाऊ मला ओळखायला तयार नव्हता, आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. तो दुसरा कोडही वाया गेला.

ती फोनकडे वाकली. "मी आहे," म्हणाली.

मग दादा म्हणाला, "काय हवंय?"

"बाबांचा आवाज. त्यांच्या यंत्रात घालायला."

"बाबांचा आवाज गेला."

"मी घेऊन ठेवला होता. ऑपरेशनच्या आधी."

"मला बोलली नाहीस."

"तेव्हा आपण बोलत कुठे होतो?"

दादाचा आवाज उतरला, पण त्याचा हेका काही सुटला नाही. "तुझाही आवाज कुणी करू शकेल. मला खात्री कशी पटायची?"

बाकाचा आवाज झाला. बाबा उठले, यंत्राला वळसा घालून टेबलापाशी आले आणि त्यांनी फोनच्या शेजारी बोटाच्या पेराने टेबलावर ठोका मारला. टक. मग आणखी एक, टक. आणि थांबले.

आम्ही सगळेच थांबलो. फोनमध्ये दादाचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं फोन कट झाला, आणि मी हात पुढे केला तर बाबांनी डोळ्यांनी मला दटावलं. लिलाव पुकारायचे तेव्हा थांबायचे, तेवढेच थांबले ते.

"बाबा?" दादा म्हणाला. "बाबा, तुम्ही तिथे आहात?"

टक.

"पाठव पुन्हा कोड," दादा म्हणाला, आणि आला तसा एकेक आकडा वाचत गेला. वाचून झाल्यावर म्हणाला, "मी फोन ठेवत नाहीये. आवाज खरंच निघतो का ते ऐकणार." तो दादाच, मला शंका उरली नाही.

खातं जिवंत झालं. मी बॅकअपवर गेलो, 'बाबा' वर बोट ठेवलं आणि दाबलं. चौकोन आला. मी आधी डोळे मिटले, मग उघडले. चौकोन हिरवा होता. कप्पा भरायला लागला, एकेका फाइलचं नाव उमटायला लागलं. ऑफिस सुटायला अजून अवकाश होता. मी इतका दमलो होतो की मला आनंदही नीट होईना.

"लावा ना एक," ती म्हणाली. "नुसत्या नावांवर माझा आता विश्वास नाही."

मी शेवटची फाइल लावली. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग बाबा बोलले, टेबलापाशी तोंड मिटून उभे असलेले बाबा. "अजून किती गं? लिलावात एवढं बोलायचे मला पैसे मिळायचे."

"आता शेवटच्या हाका," फाइलमधली ती म्हणाली. "यंत्राला हाका जोडता येत नाहीत, त्या अख्ख्या घ्याव्या लागतात. घरच्या सगळ्यांना मारा. कोपऱ्यावरून मारता तशी."

"थोरल्याऽऽ!"

"ओ!" फोनमधून दादा म्हणाला. विचार करून नाही, तोंडातून निघून गेलं. मग पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला.

"बारक्याऽऽ!"

मीही ओ दिली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, ऑफिसच्या खोलीत, एका फाइलला ओ देतोय.

"झालं, बाबा," फाइलमधली ती म्हणाली.

"झालं काय? तुझी राहिली."

"माझी नको. राहू दे."

"राहू दे म्हणजे? उद्या मला तुला बोलवायचं झालं तर?"

तिने काहीच उत्तर दिलं नव्हतं. फाइलमध्ये फक्त काचेच्या खोलीची घुमघुम येत राहिली. तेव्हाच तिला कळलं होतं की ती घर सोडून जाणार आहे, हे मला आत्ता कळत होतं, आणि बहुतेक दादालाही. मग बाबांनी छाती भरून श्वास घेतला, तो श्वाससुद्धा ऐकू आला.

"खारूताईऽऽ!"

फाइल संपली. तिच्यात ओ नव्हती.

ती खाली मान घालून पेनाच्या टोपणाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. बाबांनी पाटी बाजूला ठेवली, पुढे वाकून ती फाइल त्यांनी स्वतःच पुन्हा लावली, आणि हाक संपल्यावर टेबलावर पेर आपटलं. टक. टक. आणि तिच्याकडे बघत थांबले.

मला त्यांचं थांबणं लहानपणापासून माहीत आहे. तरीही मला धीर धरवेना.

"ओ, बाबा," ती म्हणाली.

मग त्यांनी तिसरा ठोका दिला.